दुरुस्त करून आणलेला जुना डेस्कटॉप: पंखा फिरतो, बीप वाजत राहतो, स्क्रीन काळीच. मदरबोर्ड गेला का?

बहुतेक नाही, आधी रॅम (मेमरीचं कार्ड) काढून साफ करा. कोल्हापुरात जुनी मशीनं दुरुस्त करतो, आणि इथल्या पावसाळ्यात दमट हवेनं रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसून नेमकं हेच होतं. प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून ठेवा, पट्ट्या साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, कण झाडा. मग एकच रॅम एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. खटका 'टक्' वाजून बसायला हवा, अर्धवट बसलेली रॅम बाहेरून छान दिसते! बीप अजिबात येत नसेल तर प्रोसेसरजवळची ४ पिनांची वायर बघा. दुरुस्तीनंतर ती लावायची राहून जाते, आणि तिच्याशिवायही पंखा मजेत फिरतो. तारीख रोज मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला, तो ३ व्होल्टचा असतो. मात्र बोर्डावरचे कपॅसिटर (छोट्या नळकांड्यांसारखे भाग) डोक्यावर फुगलेले दिसले तर खोडरबराचा उपयोग नाही, कारागीरच गाठा. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते.