समाजशास्त्राची सुरुवात कुठून करावी

व्याख्या पाठ करत बसू नकोस. आधी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूर्कहाइम घे. आत्महत्येसारखी अगदी खासगी वाटणारी गोष्ट त्याने १८९७ साली आकडेवारीतून तपासली आणि माणूस समाजाशी किती घट्ट बांधलेला आहे, यावर तिचं प्रमाण ठरतं असं मांडलं. इथे सावकाश वाच. अख्ख्या विषयाची नजर यात आहे. मार्क्स समाजाकडे वर्गसंघर्षातून बघतो, जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर माणसं आपल्या कृतीला काय अर्थ देतात ते शोधतो. हे दोघे नंतर घेतलेस तरी चालेल. पण आंबेडकरांचा १९१६चा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध सोडू नकोस, अभ्यासक्रमात नसला तरीही! जातीतल्या जातीत लग्न हेच जातिव्यवस्थेचं मर्म, हे त्यांनी कोलंबिया विद्यापीठात मांडलं. तो वाचून झाला की रविवारच्या पेपरातल्या वधू-वर जाहिराती तपासायला घे.