माजुली एका दिवसात पाहून होते का?

आसाममधील जोरहाटहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचे, एवढ्यात माजुली पाहून होईल का, आणि ते खरोखरच जगातील सर्वांत मोठे नदीबेट आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर, होत नाही. मी तसे करून पाहिले आहे आणि त्याची हळहळ अजून गेलेली नाही.

काही वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंसोबत निमाती घाटावरून फेरीबोटीने ब्रह्मपुत्रा ओलांडली. पलीकडे थोडे आत जाताच दादा म्हणाले, "पाणी तर कुठेच दिसत नाही, हे कसले बेट?" दक्षिणेला ब्रह्मपुत्रा, उत्तरेला सुबनसिरी नदी आणि खेरकटिया सुती हा ब्रह्मपुत्रेचाच फाटा, मध्ये शेकडो चौरस किलोमीटर सपाट जमीन, भातखाचरांतून पाणी दिसणार कसे, हे पटवण्यातच कमलाबारी गाव आले. सामगुरी सत्रात, म्हणजे तिथल्या वैष्णव मठात, एक कारागीर मुखवट्यासाठी बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर चिखलात भिजवलेले कापड चढवत होते. त्यावर शेणमातीचा थर, मग ऊन, मग घासणे, आणि शेवटी रंग. रात्री नामघरात, म्हणजे प्रार्थनागृहात, भाओना हे नाट्य आहे, हेच मुखवटे तेव्हा बोलतील, थांबा, असे ते आग्रहाने म्हणाले. आसामचे वैष्णव संत शंकरदेव यांच्यापासून चालत आलेले ते नाट्य पाहायचे सोडून आम्ही शेवटची बोट गाठली, कारण दादा घड्याळ दाखवत होते.

बोटीत त्यांनी विचारले, "जमीन नदीत जात असताना ही माणसे येथे राहतातच कशाला?" तो प्रश्न मला लागला. आमचे स्वतःचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले तेव्हा आजोबांनी ग्रामदेवतेला बैलगाडीतून नव्या वसाहतीत आणले होते, आणि ती गाडी दादांनी पाहिलेली आहे. १९५० च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचे पात्र गाळाने भरले, धूप वाढली, आणि एकेकाळी बाराशे चौरस किलोमीटरहून मोठे असलेले बेट निम्म्याहूनही कमी उरले. कित्येक सत्रे पलीकडच्या काठावर गेली; इथले मिसिंग आदिवासी मात्र पूर गृहीत धरूनच खांबांवर चांग घरे बांधतात.

तेव्हा किमान दोन मुक्काम करा, शक्यतो कार्तिकी पौर्णिमेच्या रास उत्सवाला. सोबत दादांसारखे कोणी असल्यास परतीच्या बोटीची वेळ त्यांना सांगू नका.

राहिले बिरुद. गिनीजने २०१६ मध्ये ते माजुलीला दिले, पण ब्राझीलमधील बनानाल कितीतरी मोठे आहे. नदीबेट कशाला म्हणायचे यावर ते ठरते. आणि हे सर्व हिवाळ्यापुरते. भर पावसाळ्यात पूर वाढला की बोटीच बंद ठेवतात.