दुरुस्तीचं बाकडं हलवू नकोस

म्हापशाहून तू विचारलं आहेस: बाबांचं चपला-बॅगा दुरुस्तीचं दुकान ३० वर्षं चाललं. आता ते बंद करून त्याच जागेत हाताने शिवलेले पट्टे, पाकिटं आणि बॅगा बनवायच्या. आई आणि बहीण बरोबर काम करणार. कातडं कुठलं घ्यावं, मशीन घ्यावं का, किंमत कशी लावावी आणि वॉरंटी किती वर्षांची द्यावी, हे तुझे चार प्रश्न. वय २६ लिहिलं आहेस. मी ६१ चा, चौदाव्या वर्षापासून फोंड्यात याच कामात आहे, म्हणून अरेतुरे करतो.

आधी दुकानाचं बोलू. दुरुस्ती बंद करू नकोस. बॅग कशी शिवायची ते शिकवणारे तुला ढिगाने भेटतील. ती कुठे तुटते हे तुझ्या बाबांना ठाऊक आहे, कारण ३० पावसाळ्यांत जे जे तुटलं ते त्यांच्यासमोर येऊन पडलं. एका रविवारी त्यांच्याजवळ वही घेऊन बस आणि विचार, सगळ्यात जास्त काय येतं? माझ्याकडचा हिशेब सांगतो. हँडल बॅगेला जोडलेलं असतं तो सांधा पहिला. मग चेनचा रनर. मग पट्ट्याची बक्कल बसते ती घडी. चौथं दुखणं ग्राहकाला दिसतच नाही, ते म्हणजे तळातला पुठ्ठा. बाजारातल्या बहुतेक बॅगांत अस्तर आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये पुठ्ठा भरलेला असतो. जुलैत एकदा भिजला की तो फुगतो, आत ओल धरतो आणि आठवड्यात बॅगेला कुबट वास सुटतो. बाहेरून बॅग धडधाकट दिसते, पण अस्तर सोल्युशनने सगळीकडे चिकटवलेलं असल्यामुळे आत हात घालायला जागाच नसते. न फाडता ती उघडता येत नाही, मग टाकून देतात.

म्हणून जी वस्तू उसवून पुन्हा शिवता येते तिलाच मी टिकाऊ म्हणतो. हे मला आजोबांकडून मिळालं. ते बेळगावकडचे, मोटा शिवायचे. सोंडेची मोट तू पाहिली नसशील. विहिरीतून पाणी ओढायची ती चामड्याची मोठी पिशवी, खालच्या बाजूला लांब सोंड. सोंड रहाटावर सतत घासायची, त्यामुळे ती आधी जायची. आजोबा सोंड वेगळीच शिवायचे आणि वेगळी बदलून द्यायचे. वरच्या घेराला ठिगळं लावून आणि करंजेल चोळून तीच मोट वर्षानुवर्षं चालायची. इंजिनं आली, मोटा संपल्या आणि आमचं घर चोर्ला घाट उतरून गोव्यात आलं. पण बॅगेचं हँडल मी अजून तसंच करतो. चार टाके कापले की ते सुटं होतं आणि बॅगेच्या अंगाला धक्का लागत नाही. झिजणारा भाग वेगळा ठेव आणि अस्तर फक्त कडेला शिव. तळ ताठ हवा असेल तर पुठ्ठ्याऐवजी जाड कातड्याचाच तुकडा घाल.

आता कातडं. झाडपाल्यावर कमावलेलं, म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा वापरून केलेलं, हे एक. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं हे दुसरं. क्रोमचं मऊ, पाणी जास्त सोसणारं आणि रंगात हवं तसं मिळणारं. सालीचं कडक आणि जड असतं. ते वापरता वापरता गडद होतं आणि त्याची कड घासून चकचकीत करता येते. पट्टे, पट्ट्या, हँडल यांना सालीचंच घे. मऊ बॅगेच्या अंगाला क्रोमचं चालेल. आपल्याला सालीचं कातडं जवळ मिळतं, कारण कोल्हापुरी चपलेचा सगळा मुलूख घाटापलीकडेच आहे. २०१९ मध्ये त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरले गेले, त्यात बेळगावही आहे. अथणी-निपाणीकडे एकदा स्वतः जा. फोनवर कातडं मागवू नकोस. जनावराची पाठ आणि पोट एकच नसतं. पोटाकडचं सैल असतं आणि ताणलं जातं. त्या भागातून पट्टा कापलास तर वर्षभरात तो दोन भोकं वाढतो. पट्टा कण्याच्या दिशेने, पाठीतूनच कापायचा. जाडी पट्ट्याला साडेतीन ते चार मिलिमीटर, बॅगेच्या अंगाला दोनच्या आसपास, पाकिटाला एक. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर जाऊ नकोस. वरचा दाणेदार थर काढून घेतल्यावर खाली उरलेला थरही चामडंच असतो, त्यावर प्लास्टिकचा मुलामा देऊन तोच शिक्का मारता येतो. कापलेली कड बघ आणि मागची बाजू बघ. वरचा थर तसाच असेल तर घडी घातल्यावर बारीक सुरकुत्या पडतात, मुलामा असेल तर एकच ठसठशीत रेघ येते.

ग्राहक कधी कधी विचारतो, कुठल्या जनावराचं? खरं ते सांग. मी म्हशीचं जास्त वापरतो, ते जाड आणि मजबूत असतं.

रेक्झिन आणि पीयू या नकली कातड्यांबद्दल बाबा सांगतीलच. लोकांना वाटतं ते पावसाला चांगलं. उलट, पीयूचा थर हवेतल्या ओलाव्यानेच हळूहळू तुटत जातो, कपाटात नुसता ठेवला तरी. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून जास्त जून-जुलैत. हवा महिनोन्महिने ओलीच असते. म्हणून तीन-चार वर्षांत पोपडे निघालेल्या त्या बॅगा आपल्याकडे येतात आणि त्यांचं काहीच करता येत नाही.

माझी एक चूक सांगतो, ती तू करू नकोस. १९९८ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच सालीच्या कातड्याचे ६० पट्टे एका ऑर्डरीसाठी केले. बक्कल पितळी, पण रिव्हेट स्वस्त मिळाली म्हणून लोखंडी, वर नुसता पितळी मुलामा. विकणाऱ्याने ती पितळी म्हणूनच दिली होती आणि मी चुंबक लावून पाहिलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पट्टे परत यायला लागले. प्रत्येक रिव्हेटभोवती काळा डाग, शाई सांडल्यासारखा. आणि ती खरोखर शाईच होती. जुने लोक हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करायचे ना, तेच इथे घडलं. कातड्यात हिरड्या-बाभळीचा तुरटपणा मुरलेला, रिव्हेटचं लोखंड गंजलेलं आणि वरून पावसाचं पाणी. तो डाग घासून जात नाही. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यालाही लागला होता. ६० पैकी ४१ पट्टे मी बदलून दिले. त्या वर्षी चतुर्थीला घरात नवे कपडे आले नाहीत आणि बायकोने त्यावर एक शब्द काढला नाही, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून दुकानात चुंबक टांगलेलं आहे. बक्कल, कडी, रिव्हेट, सगळं भरीव पितळ नाहीतर चांगलं स्टेनलेस स्टील. पितळ हिरवट होतं, पण ते पुसता येतं. जस्ताच्या ओतीव बक्कली चकचकीत दिसतात. त्यांना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या हातात तोलून बघाव्या लागतात. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत त्यांचा मुलामा फुगतो आणि काटा मुळातून मोडतो. शक्य तिथे रिव्हेट टाळून टाकाच घाल.

टाक्याचं जरा सविस्तर, कारण तुझ्या कामाचं मोल इथेच आहे. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा आणि खालचा दोरा कातड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात. एक तुटला की पुढची शिलाई ओढत जाते. दोन सुयांच्या टाक्यात एकाच दोऱ्याची दोन टोकं प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे जागच्या जागी राहतात, ग्राहकाला दुकानापर्यंत यायला वेळ मिळतो. आरीने भोक तिरकं पाड आणि प्रत्येक टाका सारख्याच जोराने ओढ. दोरा मेण लावलेला हवा. मी पॉलिस्टरचाच वापरतो, कारण आपल्या पावसात सुती दोरा कुजतो. आणि टाके फार जवळ घालू नकोस. नव्या मुलांना वाटतं बारीक टाका म्हणजे मजबूत. जाड कातड्यात इंचाला सहा-सात पुरे. त्याहून दाट घातलेस तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि कातडं तिथूनच फाटतं. हँडलच्या सांध्याचे अर्धे खटले मी याच कारणाने आलेले पाहिले आहेत.

मशीन पहिल्या वर्षी घेऊ नकोस. लागलंच तर अस्तरासाठी साधं चालतं. त्या पैशात चांगलं कातडं घे, कातडं कापायच्या दोन रापी घे आणि धार लावायचा दगड घे.

किमतीचं. कातडं फुटावर मिळतं, पण पोट, ओरखडे, डासमाशीच्या खुणा काढल्या की माझा चौथा हिस्सा तरी वाया जातो. तो किमतीत धर. छोटे तुकडे साठवून त्यांची किल्लीची लेबलं, पेनाची म्यानं करता येतात. मग तास मोज, घड्याळ समोर ठेवून. आई आणि बहीण जे तास बसतील ते वहीत त्यांच्या नावावर लिही आणि तेवढे पैसे दर महिन्याला त्यांच्या हातात दे. घरचा धंदा म्हणून बायकांचे हात फुकट धरायची आमच्या पिढीची सवय होती. चपलेची वेणी घालणं, टाके घालणं घरातल्या बायकांनीच केलं आणि पाटीवर नाव बापाचं लागलं. तू तसं करू नकोस. पाटीवर बहिणीचंही नाव असू दे.

तुझ्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे, ‘लोक बाबांना चपला शिवणारा म्हणतात, मला वेगळं काहीतरी करायचं आहे.’ ते वाचून मी थोडा वेळ थांबलो. आपल्या कामाकडे लोकांनी कसं पाहिलं, उंबऱ्याबाहेर किती उभं केलं, ते मला तुझ्याहून जास्त वर्षं माहीत आहे. वेगळं करावंसं वाटणं चुकीचं नाही. पण पेडण्यावरून आरोंदा ओलांडून सिंधुदुर्गातल्या शिरोड्याकडे गेलास तर आरवलीला जा. गावचा देव वेतोबा, त्याला तिथे नवसाच्या चामडी चपला वाहतात, माणसाच्या पायात न मावणाऱ्या मोठ्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. माझ्या वडिलांनी एकदा तसा जोड केला होता. तो पुरा होईपर्यंत त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. देवाच्या पायातल्या चपला ज्या हाताने होतात तोच हात तुझ्या बाबांचा आहे. दुकानात दोन बाकडी मांड. रस्त्याकडचं बाबांचं दुरुस्तीचं, आतलं तुझं. बाहेर आलेली प्रत्येक तुटकी वस्तू आत येऊन तुला काहीतरी शिकवून जाईल, आणि चपलेला टाका घालायला आलेला माणूस आतला पट्टाही बघेल.

वस्तूबरोबर एक चिठ्ठी दे, साध्या मराठीत आणि मागच्या बाजूला इंग्रजीत, पर्यटकांसाठी. भिजली तर कोरड्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको, कातडं आखडून कडक होतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, जुन्या सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी टांगा. आपल्याकडे कपाटात झीरोचा बल्ब लावून ठेवायची पद्धत आहे, ती चांगलीच. पांढरी बुरशी आली तर घाबरू नका, घराबाहेर नेऊन पुसा. खोबरेल ओतू नका. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, मेण आणि तेल वितळवून केलेला लेप बोटभर चोळा. खोबरेलाचा सल्ला घरोघरी देतात, पण जास्त तेल प्यायलेला पट्टा लुळा पडतो, मळतो आणि त्याचा वास येतो.

राहिली वॉरंटी. वर्षांचा आकडा लिहू नकोस. हे लिही: टाका उसवला तर कधीही आणा, शिवून देऊ, पैसे नाहीत. बक्कल, रनर, हँडल बदलायचं असेल तर फक्त सामानाचा खर्च. कातडंच फाटलं तर बघून सांगू. त्याखाली दुकानाचा पत्ता, आणि वस्तूच्या आतल्या बाजूला, अस्तराखाली, तू ती बनवली तो महिना आणि वर्ष आरीने कोरून ठेव. १२ वर्षांनी ती बाकड्यावर परत आली की कुठला भाग किती चालला हे तुला लगेच कळेल.