कोल्हापुरात ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मायक्रोप्रोसेसर डिझाइनमध्ये जायचं तर आत्तापासून काय करू?

नोकरीसाठी बंगळूर, हैदराबाद, नोएडा, थोडंफार पुणे, हे धरूनच चला. शिकायला मात्र गाव सोडावं लागत नाही.

साधा लॅपटॉप, त्यावर लिनक्स, आयकॅरस व्हेरिलॉग (व्हेरिलॉग या हार्डवेअरच्या भाषेत लिहिलेलं डिझाइन चालवून बघायला) आणि जीटीकेवेव्ह (सिग्नलच्या लहरी बघायला). सगळं फुकट. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेचा आरव्ही३२आय हा मूळ इन्स्ट्रक्शन संच घेऊन पाच टप्प्यांची पाइपलाइन (एकाच वेळी अनेक इन्स्ट्रक्शन, प्रत्येक वेगळ्या टप्प्यात) स्वतः लिहा. घोळ होतो तो इथे: लोडच्या लगेच पुढच्या इन्स्ट्रक्शनला तेच रजिस्टर हवं असतं आणि डेटा अजून मेमरीतून यायचाय. नुसत्या फॉरवर्डिंगने (निकाल रजिस्टरमध्ये लिहायची वाट न बघता थेट पुढे देण्याने) भागत नाही, एक सायकल थांबवावंच लागतं. एक्स० रजिस्टर कायम शून्य. फॉरवर्डिंग करताना ही अट हमखास राहते. कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये, म्हणजे जिथे काही साठवायचं नसतं तिथे, एल्स विसरलात, तर नको असलेला लॅच (जुनी किंमत धरून ठेवणारा घटक) तयार होतो.

मुलाखतीत सेटअप-होल्ड (क्लॉकच्या ठोक्याआधी आणि ठोक्यानंतर डेटा किती वेळ स्थिर हवा) विचारतातच. सेटअप चुकला तर क्लॉक हळू करून वेळ मारून नेता येते. होल्ड चुकला तर क्लॉक कितीही कमी करा, सुटत नाही.

व्हेरिफिकेशनला, म्हणजे डिझाइन बरोबर चालतं का हे तपासण्याला, दुय्यम समजू नका, नव्या मुलांना तिथे बरीच संधी असते. सिस्टिमव्हेरिलॉग ही भाषा आणि यूव्हीएम ही तपासणीची प्रमाणित पद्धत शिका. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंग बिघडलं तर वितळवून परत ओततात. चिपमधली चूक फॅबमधून (चिपच्या कारखान्यातून) आल्यावर सापडली, तर नवे मास्क (चिप छापायचे साचे) आणि काही महिने गेलेच.

एमटेक करायचं असेल तर गेट ही प्रवेश परीक्षा, ईसी (इलेक्ट्रॉनिक्स) पेपर.