इंडियमच्या अणुतारांचा रोध दोन्ही दिशांना सारखाच का येतो?

सोलापुरात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या मित्राने विचारलंय: सिलिकॉन (१११) वर, म्हणजे सिलिकॉन स्फटिकाच्या एका ठरावीक पृष्ठभागावर, इंडियमच्या अणुरुंद तारा एसटीएममध्ये (अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) स्वच्छ दिसतात, मग चार प्रोबने (सुईसारख्या टोकांनी) मोजलेला रोध तारांच्या बाजूने आणि आडवा सारखाच कसा?

तारांतून वीज वाहत नाही असं लगेच ठरवू नका. आधी प्रोबची मांडणी बघा. चारही प्रोब एका रेषेत असतील तर ती रेषा कशीही फिरवा, उत्तर तेच येणार, कारण त्या मांडणीत दोन्ही दिशांच्या वाहकतांचा भूमितीय मध्य मोजला जातो. दिशा त्यात दिसूच शकत नाही! प्रोब चौरसाच्या कोपऱ्यांवर ठेवा, एका बाजूने प्रवाह सोडा, समोरच्या बाजूला व्होल्टेज मोजा, मग प्रवाहाची बाजू ९० अंशांनी बदला. तारांच्या बाजूची आणि आडवी अशा दोन वाहकतांचं गुणोत्तर 'अ' असेल तर रोधांचं गुणोत्तर लॉग(१+अ) भागिले लॉग(१+१/अ) येतं. या पृष्ठभागावर खोलीच्या तापमानाला 'अ' साधारण ६० मोजला गेलाय, म्हणजे रोधात सुमारे २५० पट फरक दिसायला हवा. हा २५० चा आकडा थेट वाहकतेचा म्हणून लिहू नका.

चौरसानेही फरक आला नाही तर डोमेन, म्हणजे एकाच दिशेच्या तारांचे पट्टे, तपासा. सपाट वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) तारा १२० अंशांच्या तीन दिशांना वाढतात आणि सरासरीत फरक पुसला जातो. १ ते २ अंश तिरका कापलेला वेफर घ्या, म्हणजे पृष्ठभागावरच्या अणूंच्या पायऱ्यांच्या कडेने तारांना एकच दिशा मिळते. मात्र त्या पायऱ्याही आडव्या प्रवाहाला अडवतात, त्यामुळे सगळं श्रेय तारांना देऊ नका. प्रोबमधलं अंतर काही दहा मायक्रॉनच ठेवा. ते वाढलं की आतल्या सिलिकॉनमधूनही वीज वाहू लागते.

नमुना करताना वेफर ६०० अंश सेल्सिअसला रात्रभर डिगॅस करा (तापवून अडकलेले वायू काढा), १२०० ला काही सेकंद फ्लॅश द्या (झटकन तापवा), दाब १०⁻⁹ मिलिबारच्या वर जाऊ देऊ नका. स्टीलचा चिमटा नको, त्यातलं निकेल पृष्ठभाग बिघडवतं. इंडियम अणूंच्या एका थराइतकं, तापमान ४०० च्या आसपास. फार तापवलं तर इंडियम उडून जातं.

१२० ते १३० केल्विनखाली तारांच्या अणूंची ४×१ रचना (आकडे म्हणजे नक्षी दोन दिशांना सिलिकॉनच्या किती पट अंतराने परत येते) ८×२ होते, धातूपणा जातो आणि रोध झपाट्याने वाढतो. तारा खऱ्या आहेत याची ही सगळ्यात चांगली खूण.

नमुना डबीत घालून सोलापूरहून पुण्याला मापनाला न्यायचा बेत असेल तर सोडा. हवा लागली की हा पृष्ठभाग संपला. वाढ आणि मापन एकाच व्हॅक्यूममध्ये होईल अशीच प्रयोगशाळा गाठा.