चांगला पॅच मागे पडतो तेव्हा

प्रश्न : मी एका ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणालाही पाहता व बदलता येतो अशा) प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून काम करतो. एका मंद मॉड्यूलचे पुनर्लेखन करून, वेगाच्या मोजमापांसह मी पॅच, म्हणजे कोडमधील बदलांचा संच, पाठवला. त्यावर बराच काळ कोणी अवाक्षर काढले नाही. पुढे एका जुन्या मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) त्याच कल्पनेवर लिहिलेला कोड मात्र लगेच स्वीकारला गेला. येथे निर्णय गुणवत्तेवर होतात की ओळखीवर? मी स्वतंत्र फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प, काढावा का?

उत्तर : आपली नाराजी रास्त आहे, आणि असा प्रसंग ओढवलेले आपण पहिले नाही. व्यवसायाने भूलतज्ज्ञ असलेले आणि केवळ हौसेने लिनक्स कर्नलवर (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर) काम करणारे कॉन कोलिव्हास यांनी मार्च २००७ मध्ये प्रोसेसरचा वेळ समन्यायाने वाटणारा नवा शेड्युलर मांडला. पुढच्याच महिन्यात इंगो मोल्नार या प्रस्थापित कर्नल-विकासकाने, कोलिव्हास यांना श्रेय देऊन, त्याच तत्त्वावरचा ‘सीएफएस’ हा शेड्युलर पुढे आणला आणि २.६.२३ या आवृत्तीत तोच गेला. वापरकर्त्यांच्या तक्रारींची दखल कोण घेईल आणि कोड पुढे कोण सांभाळेल, याबाबतचा विश्वास आपण निवड करताना विचारात घेतला, हे लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी उघडपणे सांगितले. कोलिव्हास यांनी त्याच वर्षी कर्नलचे काम थांबवले.

हा निकष मला स्वतःला गैर वाटत नाही. जिथे कोणाला काम नेमून देता येत नाही, तिथे पॅच पाठवणारा उद्या दिसेनासा झाला तर त्यातील दोष निस्तरण्याचे काम स्वीकारणाऱ्याच्याच गळ्यात पडते. म्हणून ‘हा माणूस टिकेल का’ हा प्रश्न तांत्रिक निर्णयाचाच भाग ठरतो. गैर आहे ते मौन : खरे कारण न सांगता पॅच नुसता पडून राहू देणे, आणि नवख्याने मात्र आपल्या कोडमध्येच काही उणे असावे असे समजत राहणे.

अर्थात विश्वासही डावपेचाने मिळवता येतो. ‘एक्सझेड’ हे डेटा संकुचनाचे साधन जवळजवळ एकहाती सांभाळणाऱ्या, थकलेल्या मेंटेनरमागे २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी नवा सहकारी घेण्याचा तगादा लावला. चिकाटीने पॅच पाठवणाऱ्या एका व्यक्तीला यथावकाश अधिकार मिळाले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा शिरला. तो मार्च २०२४ मध्ये उघडकीस आला.

फोर्कचा विचार करताना जीसीसी या कंपायलरचे (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाचे) उदाहरण पाहावे. मूळ प्रकल्पात बदल घेण्याची गती खुंटल्याने १९९७ मध्ये ‘ईजीसीएस’ हा फोर्क निघाला आणि १९९९ मध्ये तोच अधिकृत जीसीसी म्हणून मान्य झाला. परंतु त्यामागे अनेक अनुभवी विकासक एकत्र आले होते. आपण एकटे असाल, तर फोर्क तूर्त काढू नये. त्या मेंटेनरला आपला पॅच का मागे राहिला हे स्पष्ट विचारावे, नव्या कोडमधील दोषांच्या नोंदी हाताळण्याची तयारी दाखवावी, आणि पुढील मोठ्या पुनर्लेखनास हात घालण्यापूर्वी त्याची रूपरेषा मांडून, ते कोण तपासणार हे आधीच ठरवून घ्यावे. एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर आपला वेळ दुसऱ्या प्रकल्पाला द्यावा.