रिहाना आणि वॉरेल एकाच शाळेचे?

प्रश्न : नात म्हणते, तिची ती गायिका रिहाना आणि आमच्या वेळचा वेस्ट इंडीजचा क्रिकेट कर्णधार फ्रँक वॉरेल एकाच शाळेत शिकले. म्हाताऱ्याची थट्टा चाललीय का? – एक वाचक, मिरज

उत्तर : नाही हो, नात खरं बोलतेय. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरची कोम्बरमेअर शाळा. स्थापना १६९५ची, तेव्हा आपले राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते! नाव मात्र नंतरचं, तिथला गव्हर्नर लॉर्ड कोम्बरमेअर याच्यावरून. याच गृहस्थानं पुढं १८२६ साली भरतपूरचा किल्ला घेतला. इंग्रजांची बदली कुठून कुठं व्हायची बघा.

रिहाना तिथं शाळेच्या कॅडेटमध्ये होती, कवायत करायची. गाण्यातलं मला कळत नाही, म्हणून क्रिकेटकडं वळतो.

वॉरेल त्या शाळेत डावखुरा फिरकी गोलंदाज होता. वेस्ट इंडीजचा तुफानी गोलंदाज वेस हॉलही तिथलाच, आणि गंमत म्हणजे हा तोफखाना शाळेत असताना यष्टिरक्षण करायचा. तिथली खरी खुबी अशी, की शाळेचा संघ बेटावरच्या पहिल्या दर्जाच्या स्पर्धेत थेट क्लबांशी खेळायचा. मिसरूड न फुटलेली पोरं बाप्यांसमोर उभी. त्यात शिकवायला डेरेक सीली. हा माणूस स्वतः १७व्या वर्षी वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला.

वॉरेलचा आणखी एक धागा तुम्हाला आठवत असेल. मार्च १९६२, बार्बाडोसचं ब्रिजटाऊन. तिथला वेगवान गोलंदाज ग्रिफिथ याचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात बसला, तेव्हा रक्त द्यायला पहिला पुढं झाला तो वॉरेल. मग आपले बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर. बंगालमध्ये दर ३ फेब्रुवारीला वॉरेलच्या नावानं रक्तदान होतं ते त्यामुळंच.

हे कोम्बरमेअरचं वाचून मलाही एकदा खुमखुमी आली होती. सांगलीत पीटीचा मास्तर होतो. नववीची पोरं घेऊन खुल्या स्पर्धेत नाव घातलं. समोर साखर कारखान्यातले गडी, मॅटिंगची विकेट. ३८ वर सगळे बाद! हेडमास्तरांनी दोन दिवस तोंड फिरवलं. आमच्या सलामीच्या पोराची आता मिरजेला, तुमच्याच गावात, किराणा दुकानदारी आहे. भेटला की पुडा बांधता बांधता अजून म्हणतो, "सर, पहिला चेंडू दिसलाच नव्हता. दुसरा दिसला, पण तोवर स्टंप गेला होता."